जुना ट्रान्झिस्टर लिनियर पुन्हा वापरात आणताना: बायस, ड्राइव्ह आणि फिल्टर

१२ व्होल्टवर चालणारा, मागे दोन सॉकेट, वर जाड हीटसिंक आणि आत दोन मोठे ट्रान्झिस्टर: १९७० आणि ८० च्या दशकांत सीबी (सामान्य लोकांसाठीचा २७ मेगाहर्ट्झचा रेडिओ) आणि हॅम (परवानाधारक हौशी) रेडिओसाठी असे लिनियर, म्हणजे रेडिओचा सिग्नल वाढवणारे अँप्लिफायर, भरपूर बनले. आत बहुधा तोशिबाच्या २एससी२२९० किंवा २एससी२८७९ ची, नाहीतर मोटोरोलाच्या एमआरएफ४५४ किंवा एमआरएफ४५५ ची जोडी सापडते. हीटसिंक, पेटी, ट्रान्सफॉर्मर यांचे काम बहुतेक वेळा चांगले असते. कमी पडतात त्या तीन गोष्टी: बायस (ट्रान्झिस्टरच्या बेसला सतत दिलेला थोडा व्होल्टेज), ड्राइव्हवरचा (आत येणाऱ्या सिग्नलच्या पॉवरवरचा) ताबा आणि आउटपुटचा फिल्टर. या तिन्ही दुरुस्त केल्या तर हा डबा २८ मेगाहर्ट्झच्या हॅम बँडवर आजही स्वच्छ चालतो.

आधी कायद्याचे. अमेरिकेत सीबीचे ४० चॅनेल २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झमध्ये आहेत. तिथे मर्यादा एएमला ४ वॉट कॅरियर (आवाज नसतानाचा मूळ सिग्नल) आणि एसएसबीला (कॅरियर न पाठवता बोलण्याची पद्धत) १२ वॉट पीईपी (शिखराची पॉवर) अशी आहे, आणि बाहेरून लिनियर जोडायला मनाई आहे. सीबीवरचा गैरवापर रोखण्यासाठी १९७८ साली एफसीसीने (अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था) हॅमसाठीच्या अँप्लिफायरवरही २४ ते ३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात निर्बंध घातले होते. म्हणून त्या काळातल्या काही अँप्लिफायरमध्ये १० मीटरचा (२८ मेगाहर्ट्झचा) बँड मुद्दाम बंद केलेला आढळतो. पुढचे सगळे काम हॅम लायसन्स असलेल्यांनी, २८ मेगाहर्ट्झवर, आपल्या लायसन्सच्या पॉवर मर्यादेत करायचे आहे.

पेटीवरचा आकडा बाजूला ठेवा

पेटीवर ‘३०० वॉट’ लिहिलेले असते. तो आकडा पुष्कळदा आत जाणाऱ्या डीसी पॉवरचा असतो, नाहीतर ट्रान्झिस्टर पूर्ण सॅच्युरेट झाल्यावरचा. लिनियर खरा किती वॉटचा, ते आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि सप्लायचा व्होल्टेज ठरवतात. हिशेब सोपा आहे. ट्रान्सफॉर्मर १:४ फेऱ्यांचा असेल तर ५० ओहमचे १६ पट कमी होऊन दोन कलेक्टरांमध्ये ३.१ ओहम दिसतात. १३.८ व्होल्टमधून ट्रान्झिस्टरचे सॅच्युरेशन म्हणून १ व्होल्ट वजा केला की १२.८ उरतात. पुश-पुलमध्ये (दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने काम करताना) पॉवर = २ × १२.८ × १२.८ ÷ ३.१, म्हणजे साधारण १०५ वॉट. त्यापुढे शिखरे सपाट होणार. म्हणून ६० वॉटचे ट्रान्झिस्टर काढून १०० वॉटचे बसवले आणि ट्रान्सफॉर्मर तोच ठेवला, तर स्वच्छ पॉवर वाढत नाही. १:५ चा ट्रान्सफॉर्मर असेल तर छत १६० वॉटच्या आसपास जाते, पण मग ट्रान्झिस्टरही तेवढा करंट झेपणारे हवेत.

एएम वापरणाऱ्यांनी आणखी एक गणित लक्षात ठेवावे. १०० टक्के मॉड्युलेशनला शिखराची पॉवर कॅरियरच्या चौपट होते. म्हणजे १०० वॉट पीईपीच्या लिनियरमधून एएमचा कॅरियर २५ वॉटच काढायचा. मीटरवर ७० वॉट कॅरियर दिसत असेल, तर बोलताना वर जायला जागाच उरलेली नसते. आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर पसरतो. बोलल्यावर मीटरचा काटा मागे पडत असेल तर हेच चालले आहे असे समजा.

खालचे सगळे आकडे ६० वॉटच्या दोन ट्रान्झिस्टरांच्या, १:४ ट्रान्सफॉर्मरच्या, १०० वॉट पीईपी देणाऱ्या लिनियरसाठी आहेत.

वीज जोडण्याआधी

झाकण काढा आणि नीट बघा. ट्रान्झिस्टरच्या पांढऱ्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असते, आणि त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. फुटलेला ट्रान्झिस्टर घासू नका, कानशीने तासू नका, आत काय आहे ते बघायला तोडू नका. तुकडे ओल्या कापडाने उचलून बंद पिशवीत ठेवा आणि घातक कचऱ्यात द्या.

आता मल्टिमीटर. प्लस आणि निगेटिव्ह वायरींमध्ये रेझिस्टन्स मोजा. जवळपास शून्य आला, तर लगेच ट्रान्झिस्टरला दोष देऊ नका. सप्लायवर उलटा लावलेला संरक्षक डायोड बहुतेक पेट्यांत असतो, आणि कधीकाळी वायरी उलट्या जोडल्या गेल्या असतील तर आधी तोच शॉर्ट होतो. त्याचे एक टोक उचला आणि पुन्हा मोजा. शॉर्ट कायम असेल तर एकेका ट्रान्झिस्टरची कलेक्टर पट्टी सोल्डर विकने मोकळी करून मोजा. दोन्ही कलेक्टर चोकमधून (डीसी जाऊ देणाऱ्या, आरएफ अडवणाऱ्या कॉइलमधून) एकाच वायरीवर येतात. त्यामुळे जोडलेल्या अवस्थेत कोणता गेला ते कळत नाही.

बेस आणि एमिटरमध्ये मीटर शून्य दाखवतो म्हणून पुष्कळ चांगले ट्रान्झिस्टर काढून टाकले जातात. क्लास सी च्या (बायस नसलेल्या) सर्किटमध्ये बेस एका लहान चोकने थेट ग्राउंडला बांधलेला असतो, म्हणून तिथे शून्यच येणार. बेसची पट्टी उचलल्यावर डायोड टेस्टला ०.६ च्या आसपास दिसले तर जंक्शन ठीक आहे. काहीच दिसले नाही तर बेस उघडा पडला आहे, आणि त्याचे कारण जवळजवळ नेहमी जादा ड्राइव्ह असते.

सगळे इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर विचार न करता बदला. चाळीस वर्षे हीटसिंकजवळ राहिलेला इलेक्ट्रोलायटिक बाहेरून फुगलेला दिसत नाही, पण आत सुकलेला असतो. सप्लायच्या वायरीवर १००० मायक्रोफॅरड, ०.१ मायक्रोफॅरड आणि १००० पिकोफॅरड असे तिन्ही चोकच्या पायथ्याशी शेजारी-शेजारी असू द्या. नुसता मोठा कॅपॅसिटर असेल तर तो २८ मेगाहर्ट्झला काही करत नाही. नुसता लहान असेल तर अँप्लिफायर काहीशे किलोहर्ट्झला स्वतःच ऑसिलेट होऊ शकतो. ड्राइव्ह नसताना करंट अचानक उडी मारतो आणि हीटसिंक तापतो, ते याचेच लक्षण.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे फेराइट हलक्या हाताने हलवून पाहा. तडा गेलेला कोर तापतो आणि पॉवर खातो. आतल्या वायरीचे आवरण वितळले असेल तर तेवढ्याच फेऱ्यांची टेफ्लॉन वायर घाला.

पहिली वीज

सप्लायच्या प्लस वायरीत गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब मालिकेत जोडा. काही शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडेल. ट्रान्झिस्टर वाचतो. लिनियर चालू केल्यावर, ट्रान्समिट न करता, बल्ब विझलेलाच राहायला हवा.

बल्ब काढल्यानंतर वायरींकडे लक्ष द्या. १०० वॉट बाहेर काढायला सुमारे २०० वॉट आत जातात, म्हणजे १४.५ अँपिअर. २ मीटर अंतरावरून १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीने आणले तर जाऊन-येऊन ०.७ व्होल्ट वायरीतच पडतो. ४ चौरस मिलिमीटरने पाव व्होल्ट. स्वच्छ पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने बदलते: १३.८ चे ११.८ झाले तर १०० चे ७३ वॉट उरतात, आणि ड्राइव्ह तेवढाच राहिल्यामुळे शिखरे कापली जातात. फ्यूज २० अँपिअरचा आणि बॅटरीच्या टोकाला. फ्यूज होल्डर बोटाला गरम लागत असेल तर तो बदला.

बायस

खरे महत्त्वाचे काम इथे आहे. स्वस्तातल्या बऱ्याच लिनियरना बायसच नसतो, ते क्लास सी मध्ये चालतात. सिग्नल ०.६ व्होल्टच्या वर गेल्याशिवाय ट्रान्झिस्टर जागाच होत नाही. एफएमला चालते, मोर्सला बऱ्यापैकी चालते. एसएसबीत मात्र शब्दांचे हळू भाग गायब होतात आणि उरलेले तुटक ऐकू येतात. एएमलाही त्रास होतोच, कारण एन्व्हलपच्या (सिग्नलच्या कमी-जास्त होणाऱ्या बाह्यरेषेच्या) दऱ्या कापल्या जातात.

क्लास एबी करण्यासाठी, म्हणजे सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टर किंचित चालू राहावा म्हणून, इनपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपचे, किंवा बेसच्या चोकांचे, ग्राउंडला गेलेले टोक उचला. ते एका नव्या जागी आणा, तिला बायस बिंदू म्हणू. या बिंदूपासून ग्राउंडला एक मोठा डायोड, २५ अँपिअरच्या वर्गातला, हीटसिंकवर ट्रान्झिस्टरला लागून पेस्ट लावून घट्ट बसवलेला. त्याला समांतर २२० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड. आणि ट्रान्समिटसाठी रिले ओढल्यावर जिथे १३.८ व्होल्ट येतात तिथून बायस बिंदूपर्यंत २७ ओहम १० वॉटचा रेझिस्टर. रेझिस्टरमधून ०.४८ अँपिअर वाहतो आणि ६.४ वॉट उष्णता निघते, त्यामुळे तो बोर्डापासून उंच ठेवा.

एवढा करंट डायोडमध्ये का जाळायचा? शिखरावर कलेक्टरांचा एकूण करंट १४.५ अँपिअर असतो. ट्रान्झिस्टरचा डीसी गेन ४० धरला तर बेसला ०.३६ अँपिअर लागतो. बायस सर्किट तेवढा देऊ शकले नाही तर नेमके शिखरावर बायस कोसळतो. ड्राइव्ह न देता मोजला तर व्होल्टेज अगदी बरोबर, आणि बोलताना आवाज खरखरीत, अशी तक्रार असेल तर रेझिस्टर फार मोठा आहे.

आरामातला (ड्राइव्ह नसतानाचा) करंट प्रत्येक ट्रान्झिस्टरला १०० मिलिअँपिअर, जोडीला २०० ठेवा. अँमिटर कलेक्टर चोकच्या वायरीतच लावा. मुख्य वायरीत लावला तर डायोडचा ०.४८ अँपिअर आणि रिलेचा करंटही त्यात मिसळतो. डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा ५० ओहमचा रेझिस्टर) जोडा, ड्राइव्ह देऊ नका, रिले हाताने ओढवा आणि वाचा. करंट कमी असेल तर डायोडच्या मालिकेत ०.१ ओहम घाला, बायस सुमारे ०.०५ व्होल्टने वर जाईल. जास्त असेल तर तसाच दुसरा डायोड समांतर लावा, साधारण ०.०२ व्होल्ट उतरेल. एवढ्याशा फरकाने खूप बदलते, कारण दर ०.०६ व्होल्टला कलेक्टर करंट कागदावर दहापट होतो.

डायोड हीटसिंकला का चिकटवायचा तेही यातूनच कळते. जंक्शन एक अंशाने तापले की लागणारा बेस व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. ३० अंश तापले तर ६० मिलिव्होल्ट. बायस जागचा हलला नाही तर १०० मिलिअँपिअरचा १ अँपिअर होतो, त्याने आणखी तापतो, आणि पुढे थांबायला काही राहत नाही. काही मिनिटे वापरल्यानंतर जोडीचा आरामातला करंट पुन्हा मोजा. ३०० मिलिअँपिअरच्या आत राहिला तर डायोड आपले काम करतो आहे.

ट्रान्झिस्टर बदलायचाच असेल तर

जोडीनेच बदला, आणि दोघांचा डीसी गेन जवळचा असू द्या. काहींच्या अंगावर त्यासाठी रंगाचा ठिपका असतो. २एससी२८७९ च्या नावाने वेगळेच माल शिक्का मारून विकले जातात. कडेने छपाई पुसट असेल किंवा वरचा पृष्ठभाग घासल्यासारखा वाटत असेल तर घेऊ नका. बायपोलरच्या जागी मॉसफेट तसाच बसत नाही. त्याच्या गेटला काही व्होल्ट लागतात आणि हा ०.७ व्होल्टचा बायस त्याला उघडतच नाही.

बसवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. जागा सपाट आणि स्वच्छ करा, पेस्टचा पातळ थर द्या, स्क्रू दोन्ही बाजूंनी थोडे-थोडे आवळत पूर्ण बसवा आणि मगच पट्ट्या सोल्डर करा. आधी सोल्डर करून नंतर स्क्रू आवळले तर पट्ट्या ओढल्या जाऊन सिरॅमिकचे टोपण सुटते.

ड्राइव्ह

गेन १३ डेसिबल, म्हणजे २० पट धरला, तर १०० वॉटला ५ वॉट पीईपी पुरतात. सीबी वर्गाचा रिग (रेडिओ संच) एसएसबीत १२ वॉट पीईपी आणि एएमला मॉड्युलेशनसकट १६ वॉट पीईपी देतो. दोन्ही जास्त. जुन्या लिनियरमधले ट्रान्झिस्टर गेले असतील तर त्याचे कारण पहिल्यांदा इथे शोधावे. १०० वॉटचा हॅम रिग पॉवर कमी करून जोडणे तर फार धोक्याचे आहे. काही रिग पहिल्या क्षणी पूर्ण पॉवरचा झटका बाहेर सोडतात, आणि बेस जायला एक झटका पुरतो.

उपाय म्हणजे इनपुटला ६ डेसिबलचा पाय पॅड, म्हणजे सिग्नलची पॉवर चौथाई करणारे तीन रेझिस्टर: दोन्ही बाजूंनी ग्राउंडला १५० ओहम, मध्ये ३७ ओहम. मधल्या जागी ७५ ओहमचे दोन समांतर लावा. सगळे ३ वॉटचे मेटल ऑक्साइड असावेत. वायरवाउंड चालत नाहीत, ते २८ मेगाहर्ट्झला कॉइल होतात. आता ४ वॉटचा एएम कॅरियर १ वॉट होतो, शिखर ४ वॉट, आउटपुट ८० वॉट पीईपी आणि कॅरियर २० वॉट. एसएसबीचे १२ वॉट ३ होतात आणि ६० वॉट पीईपी मिळते. नुसता एसएसबीच वापरणार असाल तर ४ डेसिबलचा पॅड चांगला: कडांना २२० ओहम, मध्ये २४ ओहम.

पॅड लिनियरच्या आत, इनपुट रिले आणि इनपुट ट्रान्सफॉर्मर यांच्यामध्ये बसवा, म्हणजे ऐकताना सिग्नल कमी होत नाही. सिग्नल ओळखून रिले ओढणारे सेन्सिंग मात्र पॅडच्या आधीच्या बिंदूवरच राहू द्या. पॅडचा एक जादा फायदा होतो: या लिनियरचे इनपुट क्वचितच ५० ओहम असते, आणि रिगला जिथे ३ चा एसडब्ल्यूआर (जुळणीचे माप, १ म्हणजे अचूक) दिसत होता तिथे ६ डेसिबलच्या पॅडनंतर १.३ दिसतो.

फिल्टर

पुश-पुलमुळे दुसरा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुपटीवरचा नको असलेला सिग्नल) दबतो असे म्हणतात. दबतो, पण दोन्ही ट्रान्झिस्टर अगदी सारखे असतील तेवढाच, आणि तिसऱ्याला तर काहीच अडसर नसतो. २७ मेगाहर्ट्झची दुप्पट ५४ होते, आणि अमेरिकेत टीव्हीचा चॅनेल २ ५४ मेगाहर्ट्झलाच सुरू व्हायचा. सीबीचे लिनियर शेजाऱ्यांच्या टीव्हीवर आडव्या पट्ट्या आणायचे त्याचे एक मोठे कारण हेच. हॅमसाठी अमेरिकन नियमात एचएफवर नको असलेले उत्सर्जन मूळ सिग्नलपेक्षा किमान ४३ डेसिबल खाली हवे. फिल्टर नसलेला डबा तिथे पोहोचत नाही.

सात घटकांचा लो-पास फिल्टर करा, कटऑफ ३२ मेगाहर्ट्झ. कॅपॅसिटर ग्राउंडला, कॉइल मालिकेत:

१२० पिकोफॅरड – ०.३५ मायक्रोहेन्री – २१० पिकोफॅरड – ०.३९ मायक्रोहेन्री – २१० पिकोफॅरड – ०.३५ मायक्रोहेन्री – १२० पिकोफॅरड

२१० साठी १८० आणि ३० समांतर. सिल्व्हर मायका, ५०० व्होल्टचे. तिन्ही कॉइल १.६ मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेच्या, ११ मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर ७ फेऱ्या. कडेच्या दोन १६ मिलिमीटर लांबीपर्यंत ताणा, मधली १४ मिलिमीटरपर्यंत. शेजारच्या कॉइली एकमेकींशी काटकोनात ठेवा, नाहीतर हार्मोनिक फिल्टरला वळसा घालून थेट पुढे जातो. गणिताप्रमाणे हा फिल्टर ५६ मेगाहर्ट्झला ४८ डेसिबल रोखतो. पाच घटकांचा २८ च रोखतो, म्हणून दोन कॉइलींवर समाधान मानू नये.

लिनियर बाजूला ठेवून आधी नुसता रिग, एसडब्ल्यूआर मीटर, फिल्टर आणि डमी लोड अशी मांडणी करा. २८ ते २९.७ मेगाहर्ट्झपर्यंत एसडब्ल्यूआर १.२ च्या आत येईपर्यंत कॉइली किंचित दाबा किंवा ताणा. मग धातूच्या वेगळ्या डबीत बंद करून लिनियरच्या आउटपुटला लावा. हा फिल्टर फक्त १० मीटरसाठी आहे. १४ मेगाहर्ट्झवर तोच लिनियर चालवला तर दुसरा हार्मोनिक २८ ला येतो आणि या फिल्टरमधून सरळ पार होतो.

तपासणी

१०० वॉट सलग झेपणारा ५० ओहमचा डमी लोड हवा. रिगच्या माइकला ७०० आणि १९०० हर्ट्झचे दोन टोन समान पातळीवर द्या आणि ऑसिलोस्कोपवर एन्व्हलप बघा. १०० वॉट पीईपीला ५० ओहमवर २०० व्होल्ट शिखर-ते-शिखर येतात. साध्या १० पट प्रोबची व्होल्टेज मर्यादा या फ्रिक्वेन्सीला बरीच खाली आलेली असते, म्हणून डमी लोडवर रेझिस्टरांचा भागाकार करून त्यातून घ्या. शिखरे गोल आणि मधले छेद टोकदार दिसले की झाले. शिखर सपाट असेल तर ड्राइव्ह कमी करा किंवा सप्लायचा व्होल्टेज ट्रान्समिट करताना मोजा. छेदाजवळ रेषा आडवी चिकटत असेल तर बायस कमी आहे. दोन टोनला सरासरी मीटर पीईपीच्या निम्मे दाखवतो. ५० वॉट दिसले म्हणजे १०० वॉट पीईपी.

उष्णतेचा अंदाज एएमवर चुकतो. २५ वॉट कॅरियर म्हणजे आराम असे वाटते. पण चौथाई पॉवरला करंट निम्माच होतो: सुमारे ७ अँपिअर, १०० वॉट आत, २५ बाहेर, ७५ वॉट हीटसिंकमध्ये. पूर्ण १०० वॉट कॅरियरला १०० वॉट उष्णता निघते, म्हणजे फरक फार नाही. लांब बोलायचे असेल तर पंखा लावा.

शेवटी रिले. ऐकू कमी येते आणि एकदा ट्रान्समिट केले की सुधारते, असे होत असेल तर संपर्क काळे झाले आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली जाड कागदाची पट्टी संपर्कांमध्ये धरून ओढा. सँडपेपर वरचा मुलामा काढून टाकतो. एसएसबीत प्रत्येक शब्दाला रिले टकटक करत असेल तर सेन्सिंग ट्रान्झिस्टरजवळचा लहान इलेक्ट्रोलायटिक सुकला आहे. नवा लावा, आणि बोलणे थांबल्यावर रिले अर्धा ते एक सेकंद धरून ठेवील इतका मोठा. टकटकणारा रिले भरल्या पॉवरवर उघड-बंद होतो आणि संपर्क जळतात. रिगला मागे पीटीटीचे (ट्रान्समिट बटणाचे) आउटपुट असेल तर त्यानेच रिले ओढवा आणि आरएफ सेन्सिंग कायमचे काढून टाका.